बारा पायऱ्या आणि एक बोट

पटकथालेखनाच्या कार्यशाळेत फळ्यावर एक वर्तुळ येतंच. नायक घर सोडतो, गुरू भेटतो, राक्षस मरतो, नायक अमृत घेऊन घरी येतो. वर्तुळ पूर्ण, चहाची सुट्टी. पुरावा म्हणून दोन नावं हमखास: ‘स्टार वॉर्स’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. पहिल्याबद्दल तक्रार नाही. जॉर्ज लुकसने हे वर्तुळ मांडणाऱ्या जोसेफ कॅम्पबेलचं ऋण उघड मान्य केलंय. दुसरं पुस्तक मात्र शिकवणाऱ्याने वाचलेलं नसावं, असा माझा दाट संशय आहे.

फ्रोडो बॅगिन्स घराबाहेर पडतो तो पन्नाशीत, आणि काही मिळवायला नाही, तर टाकायला. वडीलधाऱ्या बिल्बोकडून वारशात आलेली, जगाच्या मुळावर उठलेली अंगठी ज्वालामुखीत फेकायची. (वारशापायी सख्खे भाऊ कोर्टात जातात, आणि हा गृहस्थ वारसा विसर्जित करायला निघालाय.) ऐन कड्यावर काय होतं? गडी फिरतो. अंगठी माझी म्हणतो आणि बोटात घालतो. ती नष्ट होते ती अंगठीपायी वेडावलेल्या गॉलमने बोटासकट चावून तोडली आणि आनंदाने नाचताना त्याचा पाय घसरला म्हणून. हजारभर पानांची मोहीम, आणि शेवटच्या पेपरात नायक नापास! लेखक टोल्किनने पत्रातही हे अपयश मान्य केलंय. फक्त गॉलमला आधी हातात सापडूनही जिवंत सोडलं होतं ते फ्रोडोनेच. जग वाचलं ते त्या दयेपायी.

पीटर जॅक्सनला हे पचलं नाही. २००३च्या चित्रपटात फ्रोडो गॉलमवर झेप घेतो, झटापट होते, मग अंगठी जाते. नायकाचा हात लागला नाही तर तिकीटबारी रुसते.

घरी परतल्यावरचं तर विचारूच नका. शायरमधली झाडं कापलेली, जागोजागी नियमांच्या पाट्या, गावात गुंडांचं राज्य; मागे सूत्रधार जादूगार सारुमान. गाव सोडवताना नाव होतं त्याच्या सोबत्यांचं, मेरी आणि पिपिनचं. फ्रोडो रक्तपात आवरायला धडपडतो, त्याला फारसं कुणी विचारत नाही. जुनी जखम दरवर्षी ठरल्या तारखेला ठणकते. दोन वर्षांत तो जहाजात बसून कायमचा निघून जातो. पुढे महापौर होतो तो त्याचा माळी, सॅम. चित्रपटात गावची ही लढाई सबंध गाळली आहे.

कॅम्पबेलवर मात्र सगळं खापर फोडू नये. त्याच्या १९४९च्या ग्रंथात सतरा टप्पे आहेत आणि त्यातला एक चक्क ‘परतायला नकार’ हा. उदाहरण आपल्या पुराणातलं: राजा मुचुकुंद. देवांसाठी लढून दमलेला, वर म्हणून झोप मागणारा. युगांनंतर जागा होतो तर माणसं खुजी झालेली. तो तसाच तप करायला डोंगरात जातो. मग १९८०च्या दशकात डिस्नेतल्या ख्रिस्तोफर व्होग्लरने ग्रंथाचं छोटं टिपण केलं, त्याचं पुढे पुस्तक झालं. सतराच्या बारा पायऱ्या झाल्या. मुचुकुंद गळाला.

म्हणून १९९६मध्ये जॉर्ज मार्टिनने आपल्या कादंबरीतल्या नायकाचं, नेड स्टार्कचं, मुंडकं उडवलं तेव्हा लोक क्रांती क्रांती म्हणून ओरडले. नायक मारणं सोपं असतं हो. त्याला जिवंत ठेवून निरुपयोगी करणं अवघड. ते अर्सुला ले ग्विनने १९९०च्या ‘तेहानू’त केलं. तिचा महाजादूगार गेड सगळी विद्या गमावून आपल्या बेटावर येतो, शरमेने लोकांपासून लपतो आणि लहानपणीसारख्या शेळ्या राखतो. गोष्ट पुढे नेते टेनार, शेतावरची मध्यमवयीन विधवा. ले ग्विनने आमचा जादूगार वाया घालवला म्हणून काही वाचक अजून नाराज आहेत. शेळ्यांची मात्र काही तक्रार नाही.