आठ मार्चच्या आत सर्वसमावेशक कसे व्हावे

फेब्रुवारी उजाडला की वरच्या मजल्यावरून निरोप येतो: यंदा आपल्या ऑफिसात विविधता, समावेशन आणि काम-जीवन समतोल दिसला पाहिजे. हे काम तुमच्याच गळ्यात पडतं, कारण दिवाळीचा आकाशकंदील तुम्ही लावला होता. बजेट विचारू नका, घाबरूही नका. पुढच्या सूचना पाळल्या तर महिन्याभरात, मालकांना खुर्चीतून न उठवता, कुठलंही ऑफिस सर्वसमावेशक होतं.

सुरुवात फोटोपासून करावी. पुढच्या रांगेत मुली, मधोमध ईशान्येकडचा मुलगा. सफाईच्या मावशींना तेवढा वेळ पँट्रीत थांबायला सांगावं. आपण सगळे एक कुटुंब असलो तरी मावशी कंत्राटदाराच्या आहेत. संचालक मंडळाचा फोटो वेगळा काढावा. कंपनी कायदा 2013 नुसार ठरावीक कंपन्यांच्या मंडळावर किमान एक महिला लागते, तेव्हा एकीवर थांबावं. शोध लांब घेऊ नये. बहुतेक मालकांना पत्नी असते.

मग भरती. जाहिरातीच्या तळाशी समान संधीचं वाक्य बारीक अक्षरात टाकावं आणि मुलाखतीत 'कल्चर फिट' बघावा. आडनाव ऐकून क्षणभर थांबावं, मग मूळ गाव विचारावं. तेवढ्यानं उलगडा झाला नाही तर गावात घर कुठल्या बाजूला, हे सहज म्हणून विचारावं. जात मात्र विचारू नये, ते असभ्य दिसतं. मुलींना लग्नाचा विचार पुसावा, लग्न झालेल्यांना सासूबाई जवळ राहतात का, हे. पुरुषांनाही सासू असते, पण तिचा त्यांच्या कामाशी काही संबंध नसतो.

पँट्रीकडे विशेष लक्ष द्यावं, कारण समावेशनाची खरी परीक्षा डब्यात होते. मायक्रोवेव्हवर 'मांसाहार आणू नये, इतरांच्या भावना दुखावतात' अशी पाटी लावावी. भावना सुकटीच्या वासानं दुखावतात. लसणाच्या चटणीनं दुखावल्याचं कोणी लेखी कळवलेलं नाही. सुकट आणणारी मुलगी मग पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून जेवू लागते. तिच्यावर अन्याय होऊ नये म्हणून मार्चमध्ये 'विविधतेत एकता खाद्यमहोत्सव' भरवावा, कोकणाचं प्रतिनिधित्व तिलाच द्यावं आणि सोलकढी आणायला सांगावी. नऊवारी नेसून आली तर उत्तमच. सोलकढी संपते, फोटो छान येतात, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पार्किंगमध्ये जेवते.

दिव्यांगांसाठी रॅम्प लागतो. 2016 च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 वर नेले, पण आपल्या इमारतीला पायऱ्या तेवढ्याच राहिल्या. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार हवा असं मानक सांगतं. आपल्याकडे जागा चार फुटांची, त्यामुळे जे तयार होतं ते घसरगुंडीच्या जवळ जातं. दोन्ही बाजूंना कुंड्या ठेवाव्यात. दिव्यांगांचं स्वच्छतागृह कुलूप लावून ठेवावं, आत गणपतीचं मखर आहे.

अंतर्गत समितीचा कागद एव्हाना तयार असेलच. दहा किंवा जास्त माणसं असली की 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानं ती बंधनकारक आहे: अध्यक्ष महिला, निम्म्या सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. नसेल तर 50 हजारांपर्यंत दंड. समितीची नावं वॉटर कूलरच्या मागे लावावीत, म्हणजे लावली असं खरं सांगता येतं. वर्षात एकही तक्रार न आल्याचा अभिमान अहवालात नोंदवावा. तक्रार कुठे करायची हे कोणाला माहीत नाही, ही नोंद करण्यासाठी अहवालात रकाना नाही.

पाळणाघर ही खर्चाची बाब, म्हणून तिथे सावध राहावं. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 वर गेली आणि 50 किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला पाळणाघर लागू झालं. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता आलं पाहिजे असंही त्यात आहे. हजेरीपट 49 वर थांबवून बाकीच्यांना कंत्राटदाराकडे वळवायची युक्ती जुनी आहे. ती कायद्यात बसते का, हे वकिलाला विचारू नये, तो सांगेल. त्यापेक्षा स्टोअररूमला फिकट पिवळा रंग द्यावा, भिंतीवर हत्ती काढावा आणि दारावर 'लवकरच' लिहावं. रजेवरून परतलेल्या बाईला महत्त्वाचं काम देऊ नये. तिला बाळाकडे बघायचं असतं, हे तिला न विचारताही आपल्याला कळतं. वडिलांच्या रजेचा प्रश्न येत नाही: केंद्र सरकारच्या नोकरांना ती 15 दिवस मिळते, खासगी नोकरीत कायदा गप्प आहे, आपणही राहावं.

राहिला समतोल. 2023 साली इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं असं सुचवलं. 2025 च्या सुरुवातीला एल अँड टीच्या अध्यक्षांचं 90 तासांचं बोलणं गाजलं. रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, असा त्यांचा सवाल होता. आपण टोकाला जाऊ नये. दोन्हींच्या मधोमध 80 येतात, ते धरावेत. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आठवड्याला 48 तास म्हणतो आणि वरच्या कामाला दुप्पट मजुरी. पण व्यवस्थापकीय पदांना ती मर्यादा लागत नाही. म्हणून सगळ्यांना 'असोसिएट मॅनेजर' करून टाकावं. पगार न वाढवता बढती देण्याची अशी संधी कायदा क्वचितच देतो.

कामानंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत मांडलं होतं. 1970 नंतर एकही खासगी विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झालेलं नाही, तेव्हा रात्री साडेअकराला 'जागा आहेस का?' असा मेसेज निर्धास्त टाकावा.

कोणी नारायण मेघाजी लोखंड्यांचं नाव काढलं तर विषय बदलू नये, उलट आदर दाखवावा. त्यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 10 जून 1890 पासून रविवारची सुट्टी मिळवली. मात्र गिरणीचा भोंगा वाजला की काम थांबायचं. आपण तो भोंगा बसवलेलाच नाही.

या मार्गदर्शिकेबद्दल शंका असतील तर काम-जीवन समतोलावरचं ऑनलाइन सत्र येत्या रविवारी सकाळी दहाला ठेवलं आहे. उपस्थिती ऐच्छिक आहे. हजेरी घेतली जाईल. कॅमेरा सुरू ठेवावा आणि मुलं मागे दिसणार नाहीत असं बसावं.