पुस्तक चांगलं शे, पन…

वाचकाचा अभिप्राय ही कोणत्याही पुस्तकाची शेवटची आवृत्ती असते. लेखक लिहितो, मुद्रितशोधक चुका राखून ठेवतो, प्रकाशक छापतो, आणि मग वाचक ते पुस्तक आपल्या सोयीने नव्याने रचतो. कादंबरीच्या वाटेला तो सहसा जात नाही. ‘आवडली’ किंवा ‘रडवलं हो’ म्हणून मोकळा होतो, कारण कादंबरीकाराला खोटे बोलायची मुभा आहे हे त्याला मान्य असते. इतिहास, आरोग्य आणि खेळ या तीन विषयांच्या लेखकाला मात्र तो ती मुभा देत नाही. शिवाय या तिन्ही विषयांत प्रत्येक माणसाला लेखकापेक्षा थोडे जास्तच कळत असते. पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी तर ‘थोडे’ हा शब्द गाळावा लागतो.

वाचनालयात यासाठी अभिप्राय वही ठेवलेली असते. तिच्या पहिल्या पानावर उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांचा ‘स्तुत्य उपक्रम’ असा शेरा, खाली लपेटेदार सही. दुसऱ्या पानापासून पंख्याची तक्रार सुरू होते आणि पुढची काही वर्षे तोच विषय चालतो. पुस्तकांबद्दल वहीत अवाक्षर नसते. खरा अभिप्राय देवघेवीच्या टेबलावर तोंडी दिला जातो, नाहीतर पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने. तिसरी जागा होती पीजे, म्हणजे पाचोरा-जामनेर ही अडीच फुटी रुळांची गाडी. ५६ किलोमीटरचे अंतर ती वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर असे सगळ्यांचे क्षेमकुशल विचारत कापायची, त्यामुळे वाचनाला आणि वाचणाऱ्याला अडवायला भरपूर वेळ मिळे. पुस्तक एकाच्या हातात आणि अभिप्राय समोरच्या बाकावरच्या चौघांचे, ही पद्धत तिथलीच. पुस्तक हातात असलेला माणूस गप्प असे, कारण त्याला अजून पुस्तकात काय आहे तेच बघायचे असे. बाकीच्यांना ती अडचण नव्हती. २०२० साली गाडी बंद झाली, रुंद रुळांचे काम निघाले आणि एक चालते समीक्षापीठ बसले.

इतिहासापासून सुरुवात करायची तर मराठीतला एक जुना, गाजलेला अभिप्राय कॉलेजात शिकणाऱ्या पोराचा आहे. साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास लिहिला. तो १८२६ साली तीन खंडांत निघाला, केपन नावाच्या गृहस्थाने तो मराठीत आणला, आणि साहेबाने लिहिलेले म्हणून बराच काळ त्यावर कोणी हूं की चूं केले नाही. मग नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६०च्या दशकाच्या अखेरीस डफच्या बखरीवर टीका लिहिली आणि ती ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात छापून आली. छापलेले चुकीचे असू शकते, हा शोध मराठी वाचकाला तेव्हा लागला. वाचक तो अजून विसरलेला नाही. पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ काढायला घेतली. प्रस्तावना हीच त्यांची अभिप्राय वही होती आणि तिच्यात पंख्याची तक्रार नव्हती. राजवाडे आयुष्याच्या अखेरीस धुळ्याला राहिले, तिथेच १९२६च्या ३१ डिसेंबरला वारले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. म्हणजे खानदेशाला अभिप्रायाची गादी रीतसर मिळालेली आहे. पाचोऱ्याचा वाचक ती इमानाने चालवतो. दप्तरे तपासण्याचा भाग तेवढा त्याने वगळला आहे.

त्याची कसोटी एकच. आजूबाजूच्या खेड्यातला वाचक इतिहासाचा जाडजूड ग्रंथ परत करताना टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, “पुस्तक चांगलं शे, पन त्यामा मना गावनं नाव नही.” इथल्या समीक्षेचे हे मूळ सूत्र. ग्रंथ तो पहिल्या पानापासून वाचत नाही. शेवटची सूची उघडतो, आपले गाव शोधतो, मग आडनाव, मग सोयऱ्यांची गावे. सूची नसलेल्या इतिहासग्रंथाला पाचोऱ्यात गिऱ्हाईक नाही.

या बाबतीत धरणगावकर भाग्यवान. तिथे सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती आणि शिवाजी महाराजांच्या फौजेने ती १६७५ मध्ये आणि पुन्हा १६७९ मध्ये लुटली. गाव लुटले गेल्याचा एवढा अभिमान दुसऱ्या कुठल्या गावाला असेल असे वाटत नाही. आपल्याकडे लुटण्यासारखे काही होते, लुटणारे साक्षात महाराजांचे होते आणि पहिल्या खेपेला समाधान न झाल्यामुळे ते परत आले, असा त्याचा तिहेरी अर्थ लावला जातो. पारोळ्याचा माणूस यावर झाशीचे नेवाळकर काढतो. चाळीसगावचा तर थेट पाटणच्या १२०७ सालच्या शिलालेखावर जातो आणि भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याला साक्षीला बोलावतो. पाचोरेकराला अशा वेळी १८८०च्या खानदेश ग्याझेटियरचा आधार घ्यावा लागतो. त्यात पाचोरा हा स्वतंत्र तालुका म्हणून आहे, बाजार आहे, पिके आहेत, लोकसंख्या आहे. सगळे आहे. पण पावसाच्या आकड्यांनी कोणाची छाती फुगत नाही, आणि महाराजांचे पाय इकडे का लागले नाहीत, हा सल लेखकाच्या नावे मांडला जातो.

पानिपतावर मतभेद वेगळ्या कारणाने होतात. कपाटात दोन ‘पानिपत’ असतात. एक विश्वास पाटलांची १९८८ सालची कादंबरी, दुसरे त्र्यं. शं. शेजवलकरांचा ‘पानिपत १७६१’ हा इतिहास. मागणी चिठ्ठीवर नुसते ‘पानिपत’ लिहिलेले असते. शेजवलकर घेऊन गेलेला वाचक दोन दिवसांत परततो आणि ‘पूर्वीसारखं रंगत नाही’ म्हणतो. कादंबरी नेलेला वाचक ती इतिहास म्हणून वाचतो आणि पुढच्या आयुष्यात कोणत्याही वादात दाखला म्हणून फेकतो. ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘मृत्युंजय’ यांनाही हाच न्याय. ड्यूई पद्धतीप्रमाणे भारताच्या इतिहासाचा वर्गांक ९५४ असतो. वाचकांच्या पद्धतीप्रमाणे ज्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तलवार असते ते इतिहासाचे.

आरोग्य म्हणजे ६१३. या कपाटाकडे निरोगी माणूस फिरकत नाही. जळगावहून रक्ताचा रिपोर्ट आला की माणूस आधी वाचनालयात येतो आणि डॉक्टरांकडे नंतर जातो, कारण पुस्तकाला फी नसते आणि ते “तंबाखू किती?” असे तोंडावर विचारत नाही. डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक २००० साली निघाले आणि तेव्हापासून त्याच्या प्रती सहसा कपाटात सापडत नाहीत. ते पुस्तक बहुधा बायको घरी नेते आणि नवरा जेवताना वाचून घेतो, म्हणजे त्याला वाचून दाखवले जाते. त्यामुळे त्यावर प्रत्येक घरातून दोन अभिप्राय येतात. बायकोचा: “फार उपयोगी, सगळ्यांनी वाचावं.” नवऱ्याचा: “ठीक आहे. तेलाबद्दल जरा जास्तच लिहिलंय.”

डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या आहारपद्धतीचे स्वागत मात्र एकमुखाने झाले. दिवसातून दोनदा जेवा, एकेक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा, मध्ये काही खाऊ नका. पहिल्या आणि तिसऱ्या कलमाकडे खानदेशाने आदराने पाहिले. दुसऱ्याने मात्र तो हरखून गेला. वरण-बट्टीच्या पंगतीत बट्टी चुरून, वर वरण ओतून, तुपाची वाटी दोनदा फिरवून वीस मिनिटांत माणूस हात धुतो. म्हणजे पस्तीस मिनिटे शिल्लक, आणि ती वैद्यकीय सल्ल्याने मिळालेली! हिवाळ्यात मळ्यावर भरिताची पार्टी असली, पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली जात असली आणि कळण्याची भाकरी थापली जात असली, तर घड्याळ भाजण्यापासून लावायचे की पहिल्या घासापासून, यावर पुस्तकात स्पष्टता नाही, असा आक्षेप नोंदवला गेला आहे. तो बिनतोड आहे.

योगासनांच्या पुस्तकांवर इथल्या वाचकाचा जरा हक्कच आहे. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद त्याआधी जगन्नाथ गणेश गुणे या नावाने अमळनेरात शिकवत होते. ‘आपल्या अमळनेरचे’ म्हणून त्यांच्या पुस्तकांना चांगले म्हटले जाते, न उघडता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रचार केला, संस्थानातल्या शाळांतून नमस्कार सक्तीचे केले आणि त्यावर पुस्तकही लिहिले. नमस्कारांची अशी सचित्र पुस्तके वाचनालयातून फिरतात तेव्हा त्यांच्या पानांचा रंग पाहण्यासारखा असतो. पहिल्या स्थितीचे, म्हणजे हात जोडून ताठ उभे राहण्याचे पान बोटांनी काळवंडलेले. दुसरे किंचित मळकट. जिथे साष्टांग पालथे व्हायचे आहे तिथून पुढे कागद कोरा करकरीत. तोंडाने कोणी काही म्हणो, खरे मत ते.

घरगुती औषधांच्या पुस्तकांचे मूल्यमापन ब्लेडने होते. पसंत पडलेले पान कापून नेले जाते. पित्तावरचे आणि केसगळतीवरचे पान सहसा पहिल्याच वर्षी जाते. मूळव्याधीचे पान मात्र कोणी कापत नाही, कारण कापताना कोणी पाहिले तर काय, ही भीती. त्यामुळे त्या एका पानाच्या समासात वाचकांचा खरा पत्रव्यवहार टिकून राहतो. वर पेन्सिलीने: ‘करून पाहिले. गुण नाही.’ खाली निळ्या शाईत: ‘किती दिवस केले?’ त्याखाली पुन्हा पेन्सिल: ‘चार.’ मग लाल शाईत, अक्षरावरून निवृत्त मास्तर असावेत: ‘चार दिवसांत काय होते? पथ्य पाळले का? मिरचीचा ठेचा सोडला का?’ यापुढे पेन्सिलीचे उत्तर नाही. सर्वात खाली बॉलपेनने वेगळ्याच कोणीतरी लिहिलेले असते: ‘पुस्तकात लिहू नये.’

खेळ, वर्गांक ७९६. हे कपाट लहान असते, पण त्याच्यासमोर आवाज सर्वात मोठा. सुनील गावसकरांचे ‘सनी डेज’ १९७६ साली आले. त्यात कसोटी सामने आहेत, वेस्ट इंडिजचा दौरा आहे, धावांच्या राशी आहेत. वाचकांच्या लक्षात राहिली ती एकच हकीकत. जन्मल्यावर इस्पितळात बाळांची अदलाबदल झाली, कानाजवळची खूण काकांच्या लक्षात होती म्हणून घोळ कळला आणि गावसकर कोळणीच्या कुशीतून परत मिळाले. खानदेशी वाचकाला यात फलंदाजीपेक्षा काकांचे कर्तृत्व मोठे वाटते. घरात असा एक काका हवा, असे त्याचे मत पडते. सचिन तेंडुलकरांचे आत्मचरित्र २०१४ साली निघाले तेव्हा त्याच्यावर फार काही बोलले गेले नाही. जे पुस्तकात होते ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले होते, आणि ज्याची उत्सुकता होती ते ‘त्यानं लिहिलंच नाही’. न लिहिलेल्या मजकुरावर पीजेत शेंदुर्णीपर्यंत चर्चा पुरली असती, आणि पुरलीही.

कुस्तीच्या पुस्तकाची गोष्ट वेगळी. तिथे वाचक नसतात, पंच असतात. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक आणले, याबद्दल दुमत नाही. विजय चौधरी लागोपाठ २०१४, २०१५ आणि २०१६ असे तीनदा महाराष्ट्र केसरी झाले. ते चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचे, म्हणजे घरचेच. त्यामुळे त्यांच्यावर जे काही छापून येईल ते अपुरे, हे आधीच ठरलेले असते. “ते आम्हाला विचारा ना” हा या शाखेतला प्रमाणभूत अभिप्राय. जत्रेतल्या दंगली पाहून मुरलेले आप्पा डावपेचांचे सचित्र पुस्तक हातात घेतात, धोबीपछाडचे चित्र उघडतात, चष्मा वर सरकवतात आणि म्हणतात, “पाय चुकलाय.” चित्रकाराने कंबर कुठे घातली, गुडघा कसा मोडायला हवा होता, हे शब्दांत सांगता येत नसल्याने ते वर्तमानपत्र वाचत बसलेल्या एका कॉलेजकुमाराला उभे करतात. पुढचे दोन मिनिटांत होते. ‘शांतता राखा’ ही पाटी खाली येते, कॉलेजकुमार टेबलावर पालथा असतो आणि ग्रंथपाल “आप्पा, आप्पा” करत धावतात. क्रीडाविषयक ग्रंथावर याहून सप्रमाण टीका होऊ शकत नाही. पुस्तक आप्पा घरी नेत नाहीत. त्यांना त्यातून शिकण्यासारखे काही उरलेले नसते.

यानंतर पुस्तकाच्या वाट्याला येते ते निर्लेखन. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. अनुदान, वर्ग, तपासणी, दाखल नोंदवही हे सगळे त्याच्यामागून आले. जीर्ण झालेली पुस्तके रीतसर नोंद करून काढून टाकायची असतात. जे पुस्तक शंभर घरांतून फिरते, ज्यावर तूप सांडते, ज्याची पाने ब्लेडने जातात, ते आधी जीर्ण होते आणि यादीत चढते. ज्याला कोणी हात लावला नाही ते कोरे राहते आणि प्रत्येक तपासणीत उत्तम स्थितीत म्हणून टिकते. जुन्या वाचनालयाच्या कपाटातून काही दशकांनी नजर फिरवली तर दिसतो तो मुख्यत्वे न वाचलेल्या पुस्तकांचा संग्रह, आणि तो फार चांगला जपलेला असतो. हृदयरोगाचे पुस्तक गेलेले असते. दोन पानिपतांपैकी शेजवलकर असतात. यादीवर कार्यकारिणीच्या सह्या झाल्या की रद्दीवाला तराजू घेऊन येतो आणि गठ्ठे उचलून पाहतो. इतिहासाला तो चांगला भाव देतो, कारण त्याचे बांधीव पुठ्ठे वजनाला भरतात. आरोग्याची पुस्तके पातळ, आणि कापून नेलेल्या पानांमुळे आणखी हलकी झालेली. त्यांच्यावर तो घासाघीस करतो.