कानापुरती थंडी

डिसेंबरात एके दिवशी वर्तमानपत्रात ‘निफाड गारठले’ अशी बातमी येते आणि महाराष्ट्रात हिवाळा रीतसर सुरू होतो. निफाडकरांचं मला कौतुक वाटतं. एरवी त्यांची द्राक्षं आणि कांदे बातमीत असतात, थंडीत त्यांचा पारा. तो वाचून मुंबईकर पंखा तीनवरून दोनवर आणतात आणि पुणेकर ‘खरी थंडी आमच्या लहानपणी’ या विषयावर सुरू होतात. पुण्याचा पारा १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंशांवर उतरला होता. ती पहाट अनुभवलेलं माणूस आता शोधूनच काढावं लागेल, पण त्या थंडीबद्दल बोलताना पेठेतला प्रत्येक जण ती स्वतः सोसल्यासारखा खांदे आवळतो.

मला विणायचा छंद आहे, त्यामुळे निफाडच्या बातमीची मी मनापासून वाट बघते. विणणारीला निमित्त लागतं, आणि आपल्याकडे ते फार तोकडं मिळतं. सकाळी सहाला कान झोंबतात. दहाला स्वेटर कमरेला बांधलेला असतो. दुपारी तोच माणूस रसवंतीवर ‘बर्फ कमी घाला’ म्हणत उभा. या सगळ्याचा विचार करून मी एका निष्कर्षाला आले आहे: आपली थंडी अंगभर नसतेच. ती कानापुरती असते, फार तर पायाच्या बोटांपर्यंत जाते. म्हणून मी स्वेटरच्या वाटेला जात नाही. कानटोपी, मफलर, पायमोजे, हातमोजे, तान्ह्या बाळाचे लोकरी बूट, बस्स. थंडीच्या मापाचं विणावं.

थंडी कानातून शिरते, हा आपल्याकडचा सर्वमान्य सिद्धांत आहे. बाळंतिणीच्या कानांत कापसाचे बोळे घालून वर रुमाल बांधतात. एसटीत खिडकीशेजारी बसलेले आजोबा काच बंद असली तरी मफलर कानांवरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारतात. पर्वतीवर पहाटे फिरायला येणाऱ्या काकांची खाली हाफ पँट असते, पोटऱ्या उघड्या, पायांत चपला, आणि वर फक्त डोळे दिसतील अशी माकडटोपी. पोटऱ्यांना थंडी वाजत नाही का, असं विचारलं तर म्हणतील, ‘अहो, पायाला काय होतंय! कानाला वारा लागायला नको.’

यावर हसण्याचा हक्क निदान इंग्रजांना तरी नाही. थंडी पोटातून शिरते असा त्यांचा समज होता. पोट गार पडलं की कॉलरा होतो, असं धरून हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैनिकांच्या कमरेला फ्लॅनेलचा किंवा विणलेल्या लोकरीचा पट्टा बांधत. कॉलरा बेल्टच म्हणत त्याला. इथल्या उन्हाळ्यात, घामाने भिजलेल्या पोटावर लोकर! रॉबर्ट कॉखने १८८४ च्या सुमारास कलकत्त्यात कॉलऱ्याचा जंतू पक्का केला, दोष पाण्यात आहे हेही उमगलं, पण पट्टा काही सुटला नाही. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं तेव्हा राणी मेरीने देशभरच्या बायकांकडे सैनिकांसाठी तीन लाख मोज्यांचे जोड आणि तीन लाख पोटपट्टे मागितले. मोज्यांचं समजू शकतं, खंदकातल्या चिखलात पाय कुजत होते. पोटपट्टे विणणाऱ्यांचा मात्र मला हेवा वाटतो. ना टाच, ना अंगठा, ना कळस. सरळ नळी विणत जायची.

कानटोपी एवढी सरळ नसते. बाहेरून बघणाऱ्याला विणणं म्हणजे हातांना चाळा वाटतो. प्रत्यक्षात निम्मं काम त्रैराशिकाचं असतं. आधी चार बोटांचा नमुना विणून दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजायचं. समजा वीस बसले. डोक्याचा घेर पन्नास सेंटिमीटर, म्हणजे शंभर टाके? नाही. शंभर घातले तर टोपी पहिल्याच झुळकीला भुवयांवर येऊन बसेल. टोपीने डोकं धरून ठेवायचं असतं, त्यासाठी ती डोक्यापेक्षा दहाएक टक्क्यांनी लहान हवी. नव्वदच्या जवळपास यायचं, आणि तिथेही अठ्ठ्याऐंशी बरे, कारण वर कळसाला आठ पाकळ्या पाडायच्या तर आठाने भाग जायला हवा. मग एकाआड एक फेरीत आठ-आठ टाके कमी करत जायचं. शेवटी सुईवर आठच उरतात, त्यांतून दोरा ओवून आवळायचा. शाळेत मला वर्गमूळ कधी जमलं नाही, पण हा भागाकार मी चालत्या लोकलमध्ये करते. चौथ्या सीटवरची बाई मध्येच ‘दादरला उतरणार का’ म्हणून विचारते तेव्हाच तेवढा चुकतो.

टोपीची बॉर्डर ताणते आणि परत जागेवर येते, तिच्यात रबर नसूनही. दोन सुलट, दोन उलट. मुळात टाका एकच असतो. पुढून बघितला तर सुलट, मागून बघितला तर उलट. पण त्यांच्या उभ्या रांगा शेजारी शेजारी आल्या की सुलट पुढे येते, उलट मागे सरते, आणि कापड आपोआप चुण्या घालून आखडतं. एका घरात एकाच छापाची दोन माणसं राहिली की असंच होतं. नुसते सुलट घातले तर कडा गुंडाळून बसतात. नवशिक्या बाया त्या कडेवर इस्त्री फिरवतात, जड पुस्तकं ठेवतात. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा वळलेली असते.

लोकर आणायला मी तुळशीबागेकडे जाते. दुकानात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘ताई, लॉट नंबर बघून घ्या.’ एकाच रंगाच्या दोन गुंड्यांचे लॉट वेगळे असले की दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ते जुळे दिसतात आणि घरी उन्हात एकमेकांना ओळखत नाहीत. सुयांचं गणित आणखी न्यारं. आठ नंबरची सुई चार मिलिमीटर जाडीची, दहा नंबरची सव्वातीन. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. तारेच्या जुन्या विलायती मापाची ही पुण्याई, इंग्रजांनी ती आपल्याकडे सोडली आणि आपण जिवापाड सांभाळली.

दुकानदार ज्याला लोकर म्हणतो तो बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतो. मेंढीचा त्याच्याशी संबंध नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात कारखान्यात जन्मलेला धागा. मी नाक मुरडत नाही, धुवायला सोपा पडतो आणि कसर लागत नाही. खऱ्या लोकरीचा गुण मात्र त्याच्यात उतरलेला नाही. लोकरीचा तंतू कुरळा असतो, त्या कुरळ्यांत हवा अडकते आणि ऊब ती हवाच देते. शिवाय स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत दमटपणा पोटात घेऊनही लोकर हाताला ओली लागत नाही. आपल्याकडे मेंढ्या कमी आहेत असंही नाही. पण दख्खनी मेंढीची लोकर राठ. तिची घोंगडी व्हावी, वर चिंचोक्याची खळ द्यावी, ती पावसात धनगराच्या डोक्यावर आणि सणासुदीला देवासमोर शोभावी. तिची कानटोपी केली तर घालणाऱ्याला थंडी आठवणारच नाही, कारण तो दिवसभर कान खाजवत बसेल.

लहान वस्तूंत सगळ्यात मानाची जागा मी मोज्याला देते, आणि मोज्यात टाचेला. पायाची नळी सरळ खाली येत असते. तिला काटकोनात वळवून तळव्याकडे न्यायचं. कात्री नाही, शिवण नाही. निम्मे टाके बाजूला ठेवायचे, उरलेल्यांवर मागेपुढे विणत एक जीभ काढायची. मग मध्यापाशी येऊन दोन टाके एकत्र करायचे आणि ओळ अर्धी टाकून उलट फिरायचं. परत जाताना एक पाऊल पुढे, दोन एकत्र, पुन्हा माघारी. असं घुटमळत राहिलं की सपाट कापडाला आपोआप वाटीसारखा खोलगा पडतो आणि त्यात टाच नेमकी बसते. मी हे अनेकदा केलं आहे, का होतं ते मला माहीत आहे, तरी ती वाटी उमटताना मी दर वेळी शेजारच्या माणसाला कोपराने ढोसते. शेजारी बहुधा आमचे हे असतात. ते म्हणतात, ‘छान,’ आणि पेपराचं पान उलटतात.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये इजिप्तच्या ऑक्सिरिंकसहून खणून काढलेला लाल लोकरीच्या मोज्यांचा एक जोड आहे, तिसऱ्या ते पाचव्या शतकांतला. दोन सुयांचं विणकाम तेव्हा नव्हतं, ते मोजे एका सुईने टाका ओवत केलेले. त्यांचं पुढचं टोक दुभागलेलं आहे, अंगठा वेगळा आणि बोटं वेगळी, कारण ते सँडलमध्ये घालायचे. दीड हजार वर्षं जुनी ही वस्तू बघून विद्वान चकित होत असतील. आमच्याकडच्या कुठल्याही मावशीला चकित व्हायचं कारण नाही. चपलेचा अंगठा बसावा म्हणून अंगठ्याचे मोजे आपल्या बायका थंडीभर घालून हिंडतात. मोजे घालायचे पण चपला सोडायच्या नाहीत, हा हट्ट नाईलकाठीही होता हे कळल्यापासून मला इजिप्तच्या संस्कृतीबद्दल आपुलकी वाटू लागली आहे.

‘एवढा खटाटोप कशाला? तिबेटी लोकांच्या स्टॉलवर दीडशेला टोपी मिळते,’ असं मला सुचवण्यात येतं. खरं आहे. दर हिवाळ्यात ते शहरोशहरी स्टॉल मांडतात, माल बराचसा लुधियानाचा, वीण माझ्यापेक्षा सफाईदार. माझ्या टोपीत नुसती लोकरच दीडशेच्या वर जाते. पण त्यांच्या टोपीबरोबर त्यांना फुकटचा सल्ला देता येत नाही. मी देते. ‘घातलीस का रे?’ हा फोन माझ्या प्रत्येक टोपीबरोबर मोफत येतो.

शिवाय बाळंतविडा आहे. झबली, टोपडी, कुंची, दुपटी यांच्या ढिगावर लोकरीचा लहानसा सेट ठेवला नाही तर बघायला आलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर काहीतरी राहून गेल्याचा भाव येतो. बाळ चैत्रात जन्मलेलं असलं तरी. त्याच्या पायातले ते अंगठ्याएवढे बूट पहिल्या लाथेसरशी निघतात, एक पाळण्यात सापडतो, दुसरा कधीच सापडत नाही. मी आता तीन विणते. परदेशातल्या नातवंडांसाठी विणणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मात्र खरी थंडी लाभली आहे. टोरांटोला कानटोपी पोचली की तिकडून फोटो येतो: बाळाच्या अंगावर दुकानातला जाडजूड जॅकेटसूट, त्याची स्वतःची टोपी, आणि त्या टोपीच्या वर आजीची टोपी, कळसासारखी. तेवढी थंडी आजीच्या हातात मावणारी नसतेच, पण फोटोसाठी घालतात हो बिचारे.

न जमलेलं उसवता येतं, हीदेखील या छंदातली सोय. कापड फाडावं लागतं, विणकाम एका टोकाला धरून ओढलं की झरझर सुटतं, कारण सगळा धागा अखंड असतो. पूर्वी घरोघरी हे चालायचं. मोठ्याचा आखूड झालेला स्वेटर उसवायचा, कुरळा झालेला धागा लडी करून धुवायचा, ओल्या लडीला वजन टांगून सरळ करायचा, आणि धाकट्याचा स्वेटर. त्यातून जे उरेल त्याची टोपी, टोपीतून उरेल त्याचे मोजे. धाकट्यांच्या नशिबी नवी लोकर फारशी नसे, आणि त्याबद्दलची त्यांची गाऱ्हाणी अजून, साठी उलटल्यावरही, लग्नकार्यात ऐकू येतात.

आणि ज्यांना थंडी वाजायचं काहीच कारण नाही, त्यांनाही आपण झाकतोच. पंढरपुरात विठोबाला थंडीत उबदार कपडे चढतात. पुण्यात सारसबागेतल्या तळ्यातल्या गणपतीला दर हिवाळ्यात स्वेटर आणि कानटोपी घालतात, त्याचा फोटो निफाडच्या बातमीशेजारी छापून येतो. गेल्या थंडीत मी दर्शनाला गेले होते. हात जोडले, डोळे मिटायला हवे होते, पण ते टोपीवरून हलेनात. एवढं रुंद कपाळ, त्याला किती टाके घातले असतील? मुकुटासाठी उंची सोडली का? आणि कान! ज्याचे कान सुपाएवढे त्याची कानटोपी वेगळ्या बाजूपट्ट्या विणून जोडल्याशिवाय होणार नाही, आणि पट्ट्या जोडायच्या तर टाके दोन्हीकडून सारखे उचलायला हवेत. मी बोटांवर आठाचा पाढा म्हणत होते. मागच्या काकांना वाटलं असावं की माझा जप चाललाय. ते बराच वेळ आदराने थांबले आणि मग म्हणाले, ‘ताई, माळ पुरी झाली असेल तर जरा पुढे सरकता का?’