ध्वनीच्या पाचपट, द्वारका चौक वगळून

अमेरिकेतल्या अटलांटात सुरू झालेली हर्मिअस ही स्टार्टअप कंपनी २०१८ पासून एकच जप करते आहे: ध्वनीच्या पाचपट वेग, न्यूयॉर्क ते लंडन दीड तासात. मे २०२५ मध्ये तिचे ‘क्वार्टरहॉर्स’ विमान पहिल्यांदा उडाले, तेही ध्वनीपेक्षा कमी वेगाने. बातमी मात्र हायपरसॉनिक वेगाने जगभर पोचली.

नाशिककराला याचे अप्रूप जरा बेताचेच. नाशिकजवळच्या ओझरचा विमान कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला तो मिग-२१ लढाऊ विमानांसाठी, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी. पुढे सुखोई आले. १७ ऑक्टोबर २०२५ ला इथे बनलेले तेजसही उडाले. तेजसची इंजिने अमेरिकेतून यायची होती. ती काही सुपरसॉनिक वेगाने आली नाहीत, हा भाग वेगळा.

पाचपट वेगात हवेच्या माराने विमानाचे नाक हजार अंशांच्या आसपास तापते. नेहमीचे जेट इंजिन तिथे हात टेकते, म्हणून मध्येच रॅमजेट इंजिनावर जावे लागते. हा सांधा जुळवण्यातच खरी कसोटी आहे. गुंतवणूकदारांना दाखवायच्या चित्रफितीत तो चुटकीसरशी जुळतो.

तरी आपण आशा ठेवू. त्या वेगाने नाशिक-मुंबई अंतर दोन मिनिटांचे. फक्त ओझरच्या विमानतळावर दोन तास आधी हजर राहायचे, आणि सिडकोतून निघणार असाल तर द्वारका चौकातल्या वाहतूक कोंडीसाठी वेगळा वेळ धरायचा.