सुखतळ्याचे शास्त्र

तळपायाच्या त्वचेखाली टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड, चिवट पट्टा ताणलेला असतो आणि पावलाची कमान तोलून धरण्याचे काम तो जन्मभर बिनपगारी करीत असतो. सततच्या ताणाने हा पट्टा टाचेपाशी दुखावला की जी टाचदुखी जडते, तिला वैद्यकात ‘प्लांटर फॅसायटिस’ म्हणतात. अंथरुणातून उठून टाकलेले पहिले पाऊल खिळ्यावर पडल्यासारखे वाटणे आणि चार पावले चालल्यावर कळ थोडी ओसरणे, ही तिची खूण. नावातला ‘आयटिस’ म्हणजे दाह; परंतु जुनाट दुखण्यात दाहापेक्षा पट्ट्याची झीजच अधिक आढळते, त्यामुळे विषम पाऊल पडल्याने होणाऱ्या वेदनेला सुश्रुतसंहितेने दिलेले ‘वातकंटक’ हे नाव निदान त्यातल्या काट्यापुरते तरी खरे ठरते. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत लोक नुसते ‘टाच ठणकते’ म्हणतात आणि कामाला लागतात.

या दुखण्याचा उपचार इतका सौम्य आहे की बहुतेक टाचा वर्षभरात शस्त्रक्रियेविना बऱ्या होतात. पोटरीला आणि तळव्याला रोज ताण द्यावा, बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवावी, कडक फरशीवर अनवाणी चालू नये, फार वेळ उभे राहू नये आणि वजन उतरवावे, एवढीच पथ्ये. मुरबाडला अद्याप रेल्वे नसल्याने हाडांच्या डॉक्टरांकडे कल्याणला जाणारा रुग्ण एसटीत उभ्याने जातो आणि उभे राहू नये हा सल्ला घेऊन उभ्यानेच परततो. बाटलीचा उपाय स्वस्त आहे खरा, पण त्यासाठी आधी पाणी लागते आणि मग ते गोठेपर्यंत टिकणारी वीज. पाण्याची या भागात ददात नाही असे नकाशा पाहणाऱ्यास वाटेल, कारण भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यातच आहेत, आणि तानसाचे पाणी तर १८९२ पासून उताराच्या जोरावर, एकही पाऊल न टाकता मुंबईला पोहोचत आले आहे. पाड्यावर मात्र उन्हाळ्यात पाणी टाचांवरून येते. पंधरा लिटरचा भरलेला हंडा म्हणजे हंड्याचे वजन सोडून पंधरा किलो, आणि त्यावर कळशी. तेव्हा वजन उतरवण्याचा सल्ला शास्त्राला धरूनच आहे. फक्त ते वजन डोक्यावरचे आहे आणि घरी पोहोचल्यावर आपोआप उतरते.

घरकुलाने या शास्त्रात आणखी एक प्रकरण जोडले आहे. शेणाने सारवलेली जमीन पायाखाली थोडी तरी दबत असे. प्रगतीची खूण म्हणून बसवलेली गुळगुळीत लादी तसूभरही दबत नाही, आणि अनवाणी चालू नये हे पथ्य उंबऱ्याबाहेर चपला काढणाऱ्या घराला सांगण्यात येते. भातलावणीचा (या पट्ट्यात जिला आवणी म्हणतात) चिखल तेवढा टाचेला मऊ मिळतो, परंतु तिथे कंबर वाकते आणि कंबरेचा डॉक्टर वेगळा असतो.

उरला पादत्राणाचा प्रश्न. सुखतळा म्हणजे बुटाच्या आत पावलाखाली येणारा मऊ थर. मराठीत ‘सुख’ हा शब्द पायाखाली घातलेला आहे, हे भाषेचे औदार्य. चांगला जोड बोटांपाशी वाकतो, मध्यभागी वाकत नाही, आणि त्याची टाच घट्ट, किंचित उंच असते. आठवडी बाजारातला विक्रेता नेमकी उलटी परीक्षा दाखवतो: चप्पल ओल्या फडक्यासारखी पिळतो, दुहेरी घडी घालतो आणि ‘बघा किती नरम’ म्हणून छातीठोकपणे सांगतो. सहा महिन्यांत तिची टाच बाहेरच्या अंगाने कागदाएवढी उरते आणि अंगठ्याजवळचा निसटणारा पट्टा खालून टाचणी खुपसून अडवला जातो. शासनही या बाबतीत उदासीन नाही. शाळकरी मुलांना बुटांचा एक जोड आणि मोज्यांचे दोन जोड देण्यासाठी त्याने २०२३ मध्ये प्रतिविद्यार्थी १७० रुपये मंजूर केले, आणि एवढ्या रकमेत पावलाची कमान तोलणारा सुखतळा कुठे बसवायचा हे कोडे पुरवठादारांवर सोपवले.

टाचांकडे राज्याचे लक्ष गेल्याचा ठळक प्रसंग मार्च २०१८ चा. नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा कसारा घाट उतरून, शहापूर तालुक्यातून सुमारे १८० किलोमीटर चालत १२ मार्चला आझाद मैदानात पोहोचला. दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा तर रात्रीच चालला गेला. सोललेल्या तळव्यांची छायाचित्रे छापून आली, मुंबईकरांनी कळवळून चपला वाटल्या, आणि ज्या पावलांना चपलांची गरज पहिल्या दिवशी होती, त्यांना त्या मैदान जवळ आल्यावर मिळाल्या. मार्च २०२३ चा मोर्चा शहापूर तालुक्यातल्या वासिंदलाच थांबला, त्यामुळे टाचा बऱ्याच वाचल्या. वाटप करणाऱ्यांची मात्र गैरसोय झाली असावी.

एवढे असूनही एखाद्या घरात मुंबईला नोकरी करणारा मुलगा आईसाठी डॉक्टरांनी सांगितलेला जोड घेऊन येतोच. दोन दिवस तो अंगणात फिरवला जातो, शेजारणी अंगठ्याने त्याचा सुखतळा दाबून पाहतात, मग तो पुसून पुन्हा खोक्यात जातो, कारण विहिरीच्या वाटेवर चिखल असतो आणि तो घालून मिरवायची म्हसा गावची जत्रा पौषात असते.