चाकांवरचे बिऱ्हाड मालवणात कसे न्यावे

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले आणि घर व गाडी यांतला फरक मिटवण्याची मराठी माणसाला अधिकृत मुभा मिळाली. धोरणात सगळे आहे. गाडीत बिछाना, सोफा, टेबल, स्वयंपाकाची सोय आणि शौचालय हवे. गाड्या उभ्या करायच्या पार्कात पाणी, वीज, रस्ता हवा. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करायची. शेजाऱ्यांबद्दल मात्र धोरण गप्प आहे. सिंधुदुर्गात नेमकी तीच बाब महत्त्वाची असल्याने ही पुरवणी काढावी लागत आहे. १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा निघालेला हा जिल्हा १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. परंतु 'पर्यटकास एकटे सोडावे' असा आदेश अजून एकाही वाडीपर्यंत पोहोचल्याचे दिसत नाही.

ज्यांना कोणाच्या अध्यात ना मध्यात राहून, आपल्याच शेगडीवर चहा करून, आपल्याच खिडकीतून समुद्र बघायचा आहे, त्यांनी पुढील सूचना विशेष काळजीने वाचाव्यात.

गाडी व रस्ता

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची आणि सुतार बोलावून आत पलंग ठोकून घ्यायचा, असा बेत पुष्कळांच्या डोक्यात असतो. तो आधी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ला दाखवावा. परवानगीशिवाय गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही, आणि पलंग हा फेरफारच होय, मग तो आजोबांचा शिसवी का असेना. रीतसर नोंदलेली गाडी भाड्याने आणणे बरे.

गाडीची रुंदी ठरवताना कंपनीचे माहितीपत्रक बाजूला ठेवून मालवणची बाजारपेठ डोळ्यांसमोर आणावी. मुंबईकरांनी राष्ट्रीय महामार्ग ६६वर कसालला उजवीकडे वळून कट्टा, कुंभारमाठ करत मालवणात उतरावे. कोल्हापूरकरांना फोंडा आणि करूळ हे घाट आहेत, बेळगावकरांना आंबोली. महामार्ग असतो तोवर गाडी तुम्ही चालवता. तो सुटला की गाव चालवू लागते. दोन्ही अंगांना चिऱ्यांचे गडगे, वर फणसाची फांदी, फांदीखाली लाइटच्या तारा आणि समोरून एसटी. इथे नियम एकच आहे. एसटी मागे जात नाही, तुम्ही जायचे. तुम्ही रिव्हर्स टाकताच कुठूनशी तीन माणसे उगवतात आणि "येवा, येवा, येवा" असा एका लयीत पुकारा सुरू होतो. गडग्याला गाडी लागल्याचा आवाज आला की त्याच लयीत "बस!" येते. हात हलवणाऱ्याचा तुमच्या गाडीशी काही संबंध नसतो, गडग्याशी असू शकतो. तेव्हा पडलेले चिरे आधी जागच्या जागी रचून द्यावेत आणि आरशाचे तुकडे मग शोधावेत.

मुक्कामाची जागा

तारकर्लीची वाळू पाहून पुष्कळांना गाडी थेट लाटांपाशी न्यावीशी वाटते. मनाईचे फलक असतात, ते वाचावेत. न वाचल्यास मागची चाके वाळूत बसतात आणि मग रापणकरांची वाट बघावी लागते. होडीतून अर्धगोल जाळे टाकून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची, ही रापण. ओढण्याचा असा पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव असलेली माणसे सापडणे हे तुमचे भाग्य. दोर बांधला जातो, आरोळी उठते, गाडी हलते. नंतर ओढणारे आत डोकावून काय लागले ते पाहतात: दोन पुणेकर, एक कुत्रे, गॅसची शेगडी. या मालाला लिलावात भाव नसल्याने तो परत दिला जातो, वर त्यांच्या वाट्यातले चार बांगडेही मिळतात. पैसे देऊ केल्यास वातावरण गढूळ होते. बांगडे साफ करता येत नाहीत हे आपण होऊन सांगू नये. ते त्यांच्या लक्षात आलेले असते.

माडाखाली गाडी लावू नये. ही सूचना प्रत्येक पुस्तकात असते आणि प्रत्येक जण सावली बघून माडाखालीच लावतो. नारळ रात्री पडतो. पत्र्याच्या छतावर तो पडल्यावर आतल्या माणसाला जे वाटते, त्याचे वर्णन करायला तो माणूस त्या क्षणी शुद्धीवर असावा लागतो.

खाजगी जागेत राहायचे तर मालकाची परवानगी घ्यावी, हे ओघानेच आले. मालक, एकवचनी! कोकणात जमीन सामायिक असते आणि सातबारावर पणजोबांपासूनची नावे असतात. एक हिस्सेदार "खुशाल रवा" म्हणतो. दुसरा पडवीतून नुसता ऐकत असतो. तिसरा भांडुपला असतो आणि त्याला रात्री साडेनऊला फोन जातो. तुमच्या गाडीपायी कित्येक वर्षे न बोललेले चुलतभाऊ एकमेकांशी बोलू लागले, तर त्याचे श्रेय घेऊ नये. ते भांडत असतात.

देवळाच्या आवारात सोय चांगली होते, पण गुरवाला विचारूनच. आरवलीत राहणाऱ्यांसाठी वेगळी नोंद: तिथला वेतोबा रात्री गावात फेरी मारतो अशी श्रद्धा आहे आणि झिजलेल्या वहाणा बदलण्यासाठी भक्त त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. देवळात त्यांचे माप एकदा नीट बघून घ्यावे. त्यानंतर गाडी रस्त्यात आडवी लावण्याची इच्छा आपोआप जाते.

शिमग्यात मांडावर, म्हणजे उत्सवाच्या ठरलेल्या जागी, गाडी उभी करणे हा गुन्हा आहे, कोणत्या कलमाखाली ते विचारू नये. त्या दिवसांत रस्त्यात दोरी धरून पोरे शबय मागतात. सुटे पैसे जवळ ठेवावेत. 'आम्ही इथेच गाडीत राहतो, म्हणजे गावचेच' हा युक्तिवाद केल्यास गावच्या माणसाचा दर लागतो, तो जास्त असतो.

एकांत

हे प्रकरण सर्वांत अवघड. संध्याकाळी गाडी लावावी, पडदे ओढावेत, आणि शेजारच्या खळ्यात काय चालले आहे तिकडे दुर्लक्ष करावे. खळ्यात काकी झावळीचे हीर काढत बसलेल्या असतात. कोयतीने एकेक पात सोलायची, मधली काडी बाजूला टाकायची. काड्यांचा ढीग वाढत जातो आणि त्यांची नजर तुमच्या पडद्यावरून हलत नाही. अर्ध्या तासाने सौजन्य म्हणून तुम्ही उतरता.

"खंयसून इलात?"

"पुण्याहून."

"आणि रवतल्यात खंय?"

"ह्याच गाडीत, काकी."

कोयती थांबते. "गाडयेत? कित्याक? भांडान इलात?"

हौस म्हणून आलो, हे उत्तर ग्राह्य धरले जात नाही. घरात काहीतरी बिनसले आहे आणि पोर सांगत नाही, एवढा निष्कर्ष काढून काकी म्हणतात, "मागे खोली आसा. पंखो आसा. निजा थंय." नको म्हटल्यास त्या गाडी बघायला मागतात. दाखवू नये. तरीही दाखवावी लागतेच. बिछाना पसंत पडतो, टेबलाची घडी पसंत पडते, छोटा फ्रीज तर फारच. मग तो अरुंद दरवाजा उघडला जातो.

"ह्या काय?"

"टॉयलेट."

काकी शेगडीकडे पाहतात, दरवाजाकडे पाहतात, मधले अंतर वितीने मोजल्यासारखा हात होतो. "चुलीच्या बाजूक?"

यानंतर त्या गाडीत अन्न शिजू शकत नाही. तुम्ही भाड्यात स्वयंपाकघराचे पैसे भरलेले असले तरी नाही. सकाळी घावणे येतात, दुपारी उकड्या तांदळाची पेज, रात्री कुळथाची पिठी. ताटावर ताट झाकून एक पोरगी येते आणि ताट परत हवे म्हणून तुम्ही जेवेपर्यंत पायरीवर बसून राहते. रिकामे ताट द्यायचे नसते, पण तुमच्याकडे घालायला नूडल्सच्या पाकिटाखेरीज काही नसते. ते द्यावे. पोरगी खूश होते.

पाणी, सांडपाणी, दिवे

इथे थट्टा थोडी आवरती घेतो. देवबाग ही एक चिंचोळी पट्टी आहे. एका बाजूला कर्ली नदी, दुसरीकडे समुद्र. अशा वाळूतल्या विहिरीचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. कळशीने उपसले तर ते टिकते. पंप लावून एका दमात मोठी टाकी भरली की खारे पाणी वर चढते आणि वाडीचा चहा बिघडतो. मेमध्ये तर तोंड वर करून पाणी मागूसुद्धा नये. भांड्यांचे, आंघोळीचे पाणी वाळूत सोडले की नाहीसे होते असे वाटते. ते विहिरीत जाते. शौचालयाची टाकी रिकामी करण्यासाठी एखाद्या घरच्या सेप्टिक टँकची विनंती करावी लागते, आणि तेवढी ओळख व्हायला तीन दिवस पुरतात. मात्र आत निळे रसायन टाकलेले असेल तर तसे आधी सांगावे. सेप्टिक टँकमधल्या जिवाणूंना ते मानवत नाही.

वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. वाळूतून वर आलेली पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात, कारण काळोख्या किनाऱ्यावर सर्वांत उजळ समुद्रच असतो. तुमच्या छपरावर लाल-निळ्या माळा लावलेल्या असतील तर ती समुद्र सोडून तुमच्याकडे येतात. पाहुणे म्हणून कितीही गोड असली तरी दिवे बंद करावेत.

आधीचे अनुभवी लोक

आपण काहीतरी नवीन करत आहोत असा समज घेऊन येणाऱ्यांनी आचऱ्याला चौकशी करावी. मालवण तालुक्यातल्या या गावात दर काही वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराचा कौल घेऊन गावपळण होते. सगळे गाव, सगळ्या जातिधर्मांची माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर पडते आणि झावळ्यांच्या राहुट्यांत तीन दिवस, तीन रात्री राहते. चुली मांडल्या जातात, भजने होतात, फुगड्या होतात. घरांना कुलपे, रस्ते ओस. परत जायचे तेही देवाने कौल दिला तर. चिंदर आणि मालवण तालुक्यातली वायंगणी (वेंगुर्ल्याजवळची नव्हे) इथेही ही रीत आहे, आणि वैभववाडीतले शिराळे गाव तर दरवर्षी बाहेर पडते. यांना बुकिंग लागत नाही, पर्यटन धोरण लागत नाही. एवढे करून तिथे एकांत मिळतो का, तर नाही. कारण शेजारीही शेजारच्याच राहुटीत असतात.

दुसरे अनुभवी लोक म्हणजे दशावतारी. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मोचेमाडकर, खानोलकर, पार्सेकर, आरोलकर अशी मंडळे रोज नव्या गावात. पूर्वी पेटारा डोक्यावर घेऊन चालत, आता टेम्पोत. संहिता नसते, आख्यान कोणते ते ठरते आणि संवाद रंगमंचावर सुचतात. मध्यरात्री सुरुवात, पहाटे दहीकाला, मग तोंडावरचा रंग पुसून कुणाच्या तरी पडवीत झोप. टेम्पोत आडवे होऊन पाठ न दुखण्याची युक्ती त्यांना विचारावी. एखाद्या रावणाने दिलेला सल्ला कंपनीच्या हेल्पलाइनपेक्षा उपयोगी पडतो.

आणि वस्तीची एसटी. रात्री शेवटच्या गावात पोचायचे, ड्रायव्हर-कंडक्टरने तिथेच निजायचे आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघायचे. फिरत्या घराचा हा प्रयोग तुमच्या गाडीपेक्षा पुष्कळ जुना आहे आणि त्यात पडदेसुद्धा नसत. वस्तीच्या गाडीशेजारी मुक्काम टाकल्यास गजर लावावा लागत नाही. पाचला ती सुरू होते आणि बराच वेळ नुसतीच सुरू राहते.

केव्हा येऊ नये

आंगणेवाडीच्या जत्रेला. भराडीदेवीच्या या जत्रेची तारीख पंचांगात नसते, देवीच्या कौलावर ठरते. ठरली की मसुऱ्याकडे जाणाऱ्या सगळ्या रस्त्यांवर तुमच्यासारखीच, पण बिछाना नसलेली वाहने असतात आणि त्यांतही माणसे झोपलेली असतात. चतुर्थीला येऊ नये. त्या आठवड्यात चाकरमान्यांनी घरे भरलेली असतात आणि काकींची मागची खोलीही मिळत नाही. जून-जुलैत यंत्राच्या होड्यांना मासेमारीबंदी असते, समुद्र कोणाला जवळ येऊ देत नाही आणि गाडीच्या छपरावर पाऊस असा वाजतो की नवराबायकोला भांडणसुद्धा लिहून करावे लागते. एप्रिल-मे आंब्यांचे. तेव्हा खुशाल यावे, पण देवगडच्या कलमांखालून जाताना हात खिडकीच्या आत ठेवावेत. बागा करारावर दिलेल्या असतात आणि राखणदार जागा असतो.

परतीचा प्रवास

निघण्याच्या आदल्या रात्री सामान आवरून ठेवावे. त्याचा उपयोग होत नाही. सकाळी सहापासून माणसे येऊ लागतात. एक कापा फणस, एक बरका. आमसुले. कुळीथ पाच किलो. जत्रेतले खाजे. आगळाच्या बाटल्या, ज्यांची बुचे घाटात सुटतात. भांडुपच्या हिस्सेदारासाठी नारळांचे पोते, "जाताना वायच टाकून जावा". सोफ्यावर पोते जाते, टेबलावर कुळीथ. फणस बिछान्यावरच ठेवावे लागतात, आणि बरका पिकलेला असेल तर कोल्हापूरपर्यंत मागे कोणी झोपण्याचा प्रश्न येत नाही.

सगळ्यात शेवटी काकी येतात, वर्तमानपत्रात बांधलेले सुके बांगडे घेऊन. ते नाकारू नयेत. फ्रीजमध्येही ठेवू नयेत, एसीच्या झोताजवळ तर नाहीच. गाडी परत करताना अनामत रक्कम कापली जाते. त्या अरुंद दरवाजाआड ठेवावेत, दरवाजा घट्ट लावावा आणि ही गोष्ट काकींना कधीही कळू देऊ नये. करूळ घाट चढून गगनबावड्याला थांबावे, सगळ्या खिडक्या उघडाव्यात, आणि भांडुपला पोते पोचवायचे होते हे तिथे आठवले तर घाट पुन्हा उतरावा.