शॉकअप भाऊसाहेब

भाऊसाहेब रस्त्यात भेटले, की आधी तुमच्या गाडीची चौकशी करतात, मग तुमची. चौकशी म्हणजे काय, तर मडगार्डवर दोन्ही हात ठेवून अंगाचा सगळा भार टाकायचा, एकदम सोडायचा आणि मान तिरकी करून बघायचं. गाडी वर येऊन जागच्या जागी थांबली, तर "ठीक आहे." डुलत राहिली, तर "अहो, शॉकअप गेले तुमचे!" हे अशा सुरात, की मालकाला वाटावं, आता सुतक पाळायला हवं. परवा ते एका कोऱ्या एसयूव्हीची तपासणी करत असताना तिने भोंगा वाजवून अख्खी सोसायटी गोळा केली.

त्यांची स्वतःची गाडी १९५४ची मॉरिस मायनर. तिचा डिझायनर ॲलेक इसिगोनिस यांचा उल्लेख ते 'आमचे इसिगोनिस' असा करतात. ऐकणाऱ्याला तो मामेभाऊ वाटतो. या गाडीचे शॉकअप हल्लीसारखे नळकांड्याचे नाहीत, दांड्याचे आहेत. दांडा हलला, की आतलं तेल वॉल्व्हच्या बारीक भोकातून रेटलं जातं आणि उसळीचा जोर तिथेच जिरतो. पुढच्या चाकांना तर हा दांडाच सस्पेन्शनचा वरचा हात. "मागे नळकांड्याचे बसवू का?" असं एका मेकॅनिकने विचारलं. त्या गॅरेजवरून भाऊसाहेब आता मान फिरवून जातात.

रविवार तेल बदलण्याचा. दाट तेल भरलं, की उसळी थांबते, पण रस्त्यावरचा खडा न् खडा कण्यापर्यंत पोचतो. पातळ भरलं, की गाडी लक्ष्मी रस्त्यावर होडीसारखी डोलते. म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा दाट. काकू लग्नकार्याला रिक्षाने जातात आणि भाऊसाहेब पोचेपर्यंत तिथली दुसरी पंगतही उठते.

एवढं करून वेगात येणारी थरथर आहे तशीच. गॅरेजमधला पोरगा एकदा म्हणाला, "काका, चाकं बॅलन्स करून घ्या, बुशांचं रबरही कडक झालंय." त्याचं बरोबर होतं. शॉकअप उसळी जिरवतो. बिघडलेल्या चाकाची थरथर थांबवत नाही. भाऊसाहेब हसले. "ते कुणीही करतं रे. शॉकअपला कान लागतो!"

जुनी गाडी घेणार असाल, तर भाऊसाहेबांना जरूर सोबत न्या. त्यांचा हात खोटं बोलत नाही. दुरुस्ती मात्र पोराच्या क्रमाने करा: आधी चाकं, मग बुश, शेवटी शॉकअप. आणि परत येताना रिक्षा करा.